कन्याकुमारीचा तिरुवळ्ळुवर पुतळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी ही दक्षिणेची ठरलेली सहल. तिथे निघालेले आणि तिथून परतलेले, दोघांकडूनही हे प्रश्न येत राहतात. निघालेल्यांचे प्रश्न होडीचे, उन्हाचे आणि गुडघ्यांचे असतात. परतलेल्यांचे जास्त खोलातले असतात, कारण बहुतेकांनी पुतळ्याचे वीसेक फोटो काढलेले असतात आणि तो कोणाचा हे घरी आल्यावर शोधलेलं असतं. सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे जाणारा हा क्रम आहे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्रातला तो उंच पुतळा विवेकानंदांचाच ना?

नाही. किनाऱ्यासमोर दोन खडक आहेत. मोठ्या खडकावर विवेकानंद शिलास्मारक आहे. विवेकानंदांचा पुतळा तिथल्या मंडपाच्या आत आहे, तो किनाऱ्यावरून दिसत नाही. शेजारच्या लहान खडकावर उघड्यावर उभे आहेत ते तमिळ कवी तिरुवळ्ळुवर. दोन्ही एकाच फोटोत येतात आणि आपण नाव फक्त विवेकानंदांचं ऐकलेलं असतं, म्हणून हा घोटाळा होतो. सहलीच्या बसमध्ये निम्म्या लोकांचा होतो, तेव्हा संकोच नको.

२. मग तिरुवळ्ळुवर म्हणजे कोण? आपल्याकडे हे नाव फारसं ऐकू येत नाही.

‘तिरुक्कुरळ’ या तमिळ ग्रंथाचे कर्ते. ग्रंथात १३३ अध्याय आहेत, प्रत्येकात दहा, म्हणजे एकूण १३३० द्विपदी. प्रत्येक द्विपदी, म्हणजे एक कुरळ, दोन ओळींची, सात शब्दांची. कवीच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, कित्येक शतकांचं अंतर पडतं. आयुष्याबद्दल आहेत त्या दंतकथा : ते मयिलापूरला (आजच्या चेन्नईत) राहत, विणकाम करत, बायकोचं नाव वासुकी.

तमिळ माणसाच्या बोलण्यात कुरळ ज्या सहजतेने येतो, ती समजायला तुकोबांचे अभंग आठवावेत. तमिळनाडूच्या सरकारी बसमध्येसुद्धा कुरळ लिहिलेला दिसतो. मात्र मजकुराची जात वेगळी आहे. हा भक्तीचा ग्रंथ नाही. यात राजा आहे, मंत्री आहे, हेर आहेत, शेती आहे, दारू आणि जुगारावर एकेक अध्याय आहे आणि शेवटचा सबंध भाग स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचा आहे. पहिला अध्याय देवाला आणि दुसरा थेट पावसाला दिला आहे. त्यात एका द्विपदीचा आशय असा : ढगाने पाणी उचलून परत दिलं नाही, तर अथांग समुद्राचंही सत्त्व कमी होईल. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या जागी या कवीला उभं केलं आहे, हे ती ओळ माहीत असली की जास्त पटतं.

३. उंची बरोबर १३३ फूट, असं का सांगतात? गाइड लोक वाढवून सांगतात का?

या बाबतीत गाइड खरं सांगतात. ग्रंथाचे अध्याय १३३, म्हणून पाया आणि पुतळा मिळून उंची १३३ फूट, साधारण साडेचाळीस मीटर.

मजा पुढे आहे. १३३ फूट दोन भागांत वाटलेले आहेत. खालचा चौथरा ३८ फुटांचा, वरचा पुतळा ९५ फुटांचा. ग्रंथाचा पहिला भाग धर्माचा, म्हणजे सदाचरणाचा, त्याचे अध्याय ३८. पुढे अर्थाचे, राज्यकारभार आणि व्यवहाराचे ७० अध्याय आणि कामाचे २५, दोन्ही मिळून ९५. म्हणजे धर्माच्या चौथऱ्यावर अर्थ आणि काम उभे आहेत. आपल्या चार पुरुषार्थांतला मोक्ष इथे वेगळा भाग म्हणून नाही, आणि पुतळ्याच्या मापातही त्याला फूटभर जागा नाही.

बहुतेक स्मारकांची उंची ‘शेजाऱ्यापेक्षा जास्त’ या एका नियमाने ठरते. इथे उंची ग्रंथातून आली. मला या पुतळ्याबद्दल सगळ्यात आवडतं ते हे, आणि पाहायला निघालेल्या प्रत्येकाला आधी एवढंच सांगावंसं वाटतं. हे माहीत नसलेला माणूस ‘केवढा मोठा’ म्हणतो आणि पुढे जातो. माहीत असलेला चौथरा कुठे संपतो ते शोधत थांबतो.

४. इतक्या लांब जाऊन पाहण्यासारखा आहे का? काहींची निराशा होते म्हणे.

होते. ती बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने पाहिल्यामुळे होते.

लोक रांगेत उभे राहतात, होडीत बसतात आणि घाईघाईने पुतळ्याच्या पायाशी पोचतात. पायाशी पोचलं की पुतळा दिसतच नाही. वर पाहिलं तर दगडाच्या घड्या, हाताचा खालचा भाग आणि हनुवटीचा तुकडा. मान दुखते, ऊन डोळ्यांत जातं, फोटोत काही मावत नाही. ‘लांबूनच बरा दिसत होता’ ही प्रतिक्रिया तिथली आहे, आणि ती खरी आहे. जवळून पाहण्यासारखं तिथे वेगळंच आहे : चौथऱ्यातला मंडप, हत्ती, भिंतीवरचे कुरळ आणि प्रचंड दगड एकमेकांत बसवलेले सांधे.

पूर्ण आकृती पाहायची तर विवेकानंद शिलास्मारकाच्या खडकावरून पाहावी. अंतर इतकं बेताचं आहे की चेहरा वाचता येतो आणि पायाखालचा चौथराही नजरेत राहतो. होडीतूनही चांगला दिसतो, पण होडी हलते आणि दोन-चार मिनिटांत संपते. किनाऱ्यावरून तो समुद्राच्या मानाने लहान वाटतो. याचंही अनेकांना वाईट वाटतं. समुद्रापुढे काहीही लहानच वाटणार. तेरा-चौदा मजली इमारत त्या खडकावर उभी आहे अशी कल्पना केली की अंदाज येतो.

काहींना चेहरा कोरडा वाटतो. आपली नजर गणेशमूर्तीच्या गोलाईला किंवा शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्यातल्या आवेशाला सरावलेली. इथे दाढी, जटा, जड वस्त्र, स्थिर उभं राहणं आणि कातळाचा राखाडी रंग. रंगरंगोटी नाही, सोनेरी मुलामा नाही. मला हा कोरडेपणा शोभून दिसतो. पण ‘आवडला नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

५. आत लिफ्ट आहे का? डोक्यापर्यंत जाता येतं?

नाही. चौथऱ्याच्या मंडपातून १४० पायऱ्या चढून पुतळ्याच्या पावलांपर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. गुजरातच्या सरदार पटेल पुतळ्यात छातीच्या उंचीवरच्या दालनापर्यंत लिफ्ट नेते, ते पाहून आलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. दोन्हींची रचनाच वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

६. होडी कुठून सुटते? तिकीट आधी काढावं लागतं का?

किनाऱ्यावरच्या धक्क्यावरून. फेरी तमिळनाडू सरकारच्या पूम्पुहार जहाज महामंडळाची आहे. खासगी होडीवाला ‘जवळून फिरवून आणतो’ म्हणाला तर नको म्हणा. सकाळी आठच्या सुमाराला फेऱ्या सुरू होतात आणि दुपारी चारच्या आसपास जाणाऱ्या थांबतात. साध्या दराची आणि जादा दराची, अशा दोन रांगा असतात. शाळांच्या सुट्ट्या, शबरीमलाचा हंगाम, पोंगल आणि शनिवार-रविवार यांत साधी रांग तास दोन तास खाते, तेव्हा जादा पैसे द्यायला कंजुषी करू नये. दर बदलत असतात, खिडकीवरचा फलक पाहावा. स्मारकाचं प्रवेश तिकीट वेगळं असतं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला घालावं लागतं. ते आधीच्या फेरीतल्या माणसाच्या घामाने ओलं असतं. नाक मुरडत घाला, पण घाला.

७. आता पूल झाला आहे ना? मग किनाऱ्यावरून चालत जाऊ.

पूल झाला आहे, पण तो किनाऱ्यापासून नाही. विवेकानंद शिलास्मारकाचा खडक आणि तिरुवळ्ळुवरांचा खडक यांच्यामधला तो काचेचा पूल आहे : ७७ मीटर लांब, १० मीटर रुंद, वर कमानी. ३० डिसेंबर २०२४ रोजी, पुतळ्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत असताना, तो खुला झाला. किनाऱ्यापासून पहिल्या खडकापर्यंत होडीच.

तरी त्या पुलाने मोठा फरक पडला. पूर्वी दुसऱ्या खडकासाठी पुन्हा होडी लागायची आणि पाणी उतरलं की त्या खडकाला होडी लावता येत नसे. हजारो लोक विवेकानंद स्मारक पाहून, पुतळ्याकडे लांबून हात हलवून परत गेले आहेत. घरात कोणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी जाऊन आलं असेल आणि ‘तिथे जाऊ देत नाहीत’ म्हणत असेल, तर ते त्या काळाचं बोलणं आहे.

पायाखाली काचेतून लाटा दिसतात. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी समोर पुतळ्याच्या चेहऱ्याकडे पाहत चालावं.

८. आईचे गुडघे दुखतात. तिला नेऊ का?

शिलास्मारकापर्यंत न्यायला हरकत नाही, सावकाश. अवघड जागा आहे ती होडीत चढण्या-उतरण्याची : होडी वरखाली होते आणि मागून लोक ढकलतात. एकाने पुढे, एकाने मागे राहावं. होडीवरची माणसं हात देतात. खडकावरही पायऱ्या आहेत. पुतळ्याच्या मंडपातल्या १४० पायऱ्या मात्र तिने सोडाव्यात. त्यात तिचं काही बुडत नाही, कारण पूर्ण दर्शन खालून आणि लांबूनच होतं (प्रश्न ४).

व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला होडीत घालण्याचा सल्ला मी देणार नाही. गांधी मंडपाच्या बाजूच्या किनाऱ्यावरून दोन्ही खडक समोर दिसतात. तिथे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बसावं.

शिलास्मारकात मंडपात जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तव्यासारखा तापतो. जाड मोजे बरोबर ठेवा. या एका सूचनेबद्दल जितके आभार मानले जातात तितके बाकी कशाबद्दल नाहीत.

९. मुलं कंटाळतील का?

होडी, काचेचा पूल आणि हत्ती हे तीन असताना सहसा नाही. चौथऱ्याभोवती दहा हत्ती कोरले आहेत : आठ दिशांचे आठ, आणि खाली पृथ्वी व वर आकाश धरून दोन. मुलांना ते मोजायला लावा. नवव्यानंतर नेहमी भांडण होतं.

१०. आम्ही पोचलो आणि होडी बंद. असं का होतं, आणि मग काय करायचं?

समुद्र खवळलेला असेल, वारा जोराचा असेल किंवा पाणी फार उतरलेलं असेल, तर फेऱ्या थांबवतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, तेव्हा हे जास्त घडतं. एप्रिल-मेमध्ये आणखी एक प्रकार असतो : आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरी किनाऱ्यावर उंच लाटा. दूर दक्षिणेकडच्या हिंदी महासागरात झालेल्या वादळाच्या त्या लाटा असतात. हवामान छान दिसतं म्हणून लोक तिकीट खिडकीवर भांडतात, पण कर्मचाऱ्यांचं बरोबर असतं. अशा दिवशी खडकांवर फोटोसाठी उतरू नका. किनाऱ्यावरचे खडक शेवाळलेले आहेत आणि लाट परत जाताना ओढते.

फेऱ्या पुष्कळदा दोन-तीन तासांनी पुन्हा सुरू होतात. तोवर कन्याकुमारी देवीचं मंदिर पाहावं. पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. मुक्काम असेल तर होडी पहिल्या दिवशीच उरकावी, म्हणजे बंद निघाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

११. कोणत्या महिन्यात जावं? सूर्योदय आणि पुतळा एकत्र दिसतो का?

डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचा, आणि म्हणून गर्दीचाही. हे टोक दोन्ही पावसांच्या तडाख्यात येतं : जूनपासून आपल्याकडचा नैर्ऋत्य मोसमी आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे मराठी लोक या दुसऱ्या पावसाचा विचार करत नाहीत आणि भिजून येतात.

सूर्योदयाला किनाऱ्यावरून पाहता प्रकाश दोन्ही खडकांच्या मागून येतो. पुतळ्याची काळी आकृती आणि मागे केशरी आकाश, हा फोटो तेव्हाचा. चेहऱ्यावरची कोरीव रेघ पाहायची असेल तर ही वेळ निरुपयोगी. त्यासाठी दुपार कलल्यावर पाहावं. थंडीत सूर्य समुद्रात मावळतो, उन्हाळ्यात मात्र जमिनीकडच्या बाजूला. एप्रिल-मेतल्या चित्रा पौर्णिमेला मावळता सूर्य आणि उगवता चंद्र एकाच वेळी समोरासमोर दिसतात, ढग नसतील तर.

१२. खरंच पूर्ण दगडाचा आहे, की आत सिमेंट-लोखंड आणि वरून दगड?

दगडाचाच. नर्मदेकाठचा सरदारांचा पुतळा म्हणजे काँक्रीट-पोलादाच्या गाभ्यावर कांस्याचं आवरण आहे. हा त्यापेक्षा जुन्या पद्धतीचा : ग्रॅनाइटचे घडवलेले दगड एकावर एक, मंदिराच्या गोपुराच्या शिस्तीने. आतून तो पोकळ ठेवला आहे. वजन सुमारे ७००० टन सांगितलं जातं.

शिल्पकार व्ही. गणपती स्थपती. नाव ऐकून ‘आपले का?’ असं विचारणारे भेटतात. ते तमिळ, पिढ्यान्‌पिढ्या मंदिरं बांधणाऱ्या विश्वकर्मा घराण्यातले, आणि मामल्लपुरमच्या शिल्पविद्यालयाचे अनेक वर्षं प्रमुख. चेन्नईतलं याच कवीचं स्मारक, वळ्ळुवर कोट्टम, तेही त्यांच्याच हातचं. दगड वेगवेगळ्या ठिकाणच्या खाणींतून आणला. घडवून तो बोटीने खडकावर नेला आणि सुरूच्या हजारो वाशांची परांची बांधून वर चढवला. कोकणातल्या किनाऱ्यावर असतात तेच सुरूचे सोट.

१३. कमरेत किंचित वाकलेला दिसतो. बांधताना चूक झाली का?

मुद्दाम आहे. नटराजाच्या मूर्तीत दिसते तशी कमरेची लकब स्थपतींनी उभ्या आकृतीला दिली. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यापुढे एवढी उंच दगडी आकृती वाकवून उभी करणं सरळ खांब उभारण्यापेक्षा कितीतरी अवघड. समोरून ही लकब पटकन लक्षात येत नाही. पुलावरून चालताना, बाजू बदलत जाते तशी ती उलगडते.

१४. उजव्या हाताची तीन बोटं वर का?

ग्रंथाचे तीन भाग. प्रश्न ३ पाहा. डाव्या हातात ताडपत्रं आहेत.

१५. चेहरा खरा आहे का?

कवीचं समकालीन चित्र किंवा मूर्ती उपलब्ध नाही, त्यामुळे ‘खरा’ चेहरा कोणाचाच नाही. तमिळनाडूत शाळांत आणि कचेऱ्यांत दिसणारं बसलेलं, शुभ्र वस्त्रातलं चित्र विसाव्या शतकात के. आर. वेणुगोपाल शर्मा यांनी काढलं आणि सरकारने स्वीकारलं. दाढी-जटांची ओळख तिथून पक्की झाली.

१६. ते हिंदू की जैन? तिथे नमस्कार करायचा की नाही?

तमिळनाडूत हा तापलेला विषय आहे. ग्रंथ कोणत्याही एका पंथाचं नाव घेत नाही. जैन परंपरा त्यांना आपलं मानते, शैव मानतात, काहींना तो कुठल्याच धर्मात न बसणारा ग्रंथ वाटतो. चित्रातले कपडे पांढरे की भगवे यावरही राजकीय भांडणं झाली आहेत. रांगेतल्या शेजाऱ्याशी यावर गप्पा न मारलेल्या बऱ्या.

नमस्काराचं म्हणाल तर ते मंदिर नाही. पूजा, नारळ, हळद-कुंकू काही नाही. तरी पावलांना हात लावून नमस्कार करणारे पुष्कळ असतात आणि कोणी अडवत नाही.

१७. त्सुनामीत काही झालं नाही, हे खरं?

खरं. २६ डिसेंबर २००४ ला कन्याकुमारी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मोठी मनुष्यहानी झाली. त्या सकाळी शिलास्मारकावर पर्यटक अडकले होते. लाटा पुतळ्याच्या चौथऱ्यावर आदळल्या, पण बांधकाम शाबूत राहिलं. ‘देवाने वाचवलं’ असं सांगणारे संदेश फिरतात. हजारो टन दगड, रुंद चौथरा आणि त्याखालचा कातळ यांनाही थोडं श्रेय द्यावं.

१८. खाऱ्या हवेने दगड खराब होत नाही का? आम्ही गेलो तेव्हा पुतळा परांचीत गुंडाळलेला होता!

होतो, म्हणूनच परांची. मीठ दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग सुटू लागतो. त्यावर उपाय म्हणून साधारण दर चार वर्षांनी पुतळा गोड्या पाण्याने धुतात, सांधे भरतात, कागदाचा लगदा थापून आतलं मीठ शोषून घेतात आणि शेवटी पाणी न धरणाऱ्या रसायनाचा थर देतात. हे काम महिनोन्‌महिने चालतं आणि तेवढा काळ पुतळा बंद. २०२२-२३ मध्ये असंच झालं होतं. निघण्यापूर्वी कन्याकुमारीतल्या हॉटेलला फोन करून ‘वळ्ळुवर उघडा आहे का’ एवढं विचारलेलं बरं.

१९. हाही एकनाथजी रानड्यांनीच उभारला का?

नाही. रानडे उभारणीला होते ते शेजारच्या शिलास्मारकाच्या. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचा हा माणूस. स्मारकाला विरोध झाला तेव्हा त्यांनी दिल्लीत ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या, लोकांकडून रुपया-रुपया गोळा केला आणि २ सप्टेंबर १९७० ला स्मारकाचं उद्‌घाटन राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झालं. मराठी प्रवाशाला त्या खडकावर ऊर भरून येतो तो यामुळे, आणि ते योग्यच आहे.

तिरुवळ्ळुवरांचा पुतळा तमिळनाडू सरकारचा. कोनशिला १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते बसली. मग बराच काळ काम रखडलं, १९९० मध्ये सुरू झालं, पैशांअभावी पुन्हा थांबलं आणि १ जानेवारी २००० ला मुख्यमंत्री करुणानिधींनी अनावरण केलं. दोन खडकांवर दोन वेगळ्या इच्छा उभ्या आहेत : एक सगळ्या देशाच्या वर्गणीतून आलेली, दुसरी एका भाषेच्या अभिमानातून. हा भाग १९५६ पर्यंत त्रावणकोर-कोचीन राज्यात होता आणि तमिळ भाषकांच्या चळवळीनंतर तमिळनाडूकडे, तेव्हाच्या मद्रास राज्याकडे आला. संयुक्त महाराष्ट्राची आठवण असलेल्यांना, देशाच्या टोकावर तमिळ कवीच का, हे वेगळं समजवावं लागत नाही. आपल्यातल्या काहींना पुतळा ‘स्मारकाच्या फोटोत मध्ये येतो’ असं वाटतं. ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती मला पटत नाही.

२०. मग आपलं समुद्रातलं शिवस्मारक कधी?

कन्याकुमारीहून परतणारा प्रत्येक दुसरा मराठी माणूस हे विचारतो. मुंबईजवळ अरबी समुद्रात नियोजित स्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि काम अडकलं. इथे कोनशिलेपासून अनावरणापर्यंत एकवीस वर्षं लागली, एवढंच तुलनेला सांगता येईल. मुंबईच्या आराखड्यात उंचीचा आकडा अनेकदा बदलला. वळ्ळुवरांचा बदलणं शक्यच नव्हतं (प्रश्न ३).

२१. भिंतीवरचे कुरळ कळतील का? मराठीत काही वाचायला आहे?

मंडपाच्या आतल्या भिंतींवर प्रत्येक अध्यायातला एक, असे १३३ कुरळ तमिळ आणि इंग्रजीत कोरले आहेत. मराठीत वाचायचं तर साने गुरुजींनी कुरळ मराठीत आणला आहे. स्वातंत्र्यलढ्यात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले, त्या शिकण्याचं हे फळ. जाण्यापूर्वी त्यातली दहा पानं जरी चाळली, तरी भिंतीपुढे उभं राहिल्यावर एखादी ओळखीची ओळ सापडते. पावसाचा अध्याय आधी वाचा.

२२. तीन समुद्रांचे तीन रंग दिसतात का?

पाण्यात रेघ मारलेली नाही. खोली, गाळ आणि ऊन यांनुसार पाण्याच्या छटा बदलतात आणि गाइड त्यांना नावं देतात. वाळूचे रंग मात्र खरे आहेत. या किनाऱ्यावर इल्मेनाइट, गार्नेट, मोनाझाइट अशी खनिजं वाळूत मिसळलेली असतात, त्यामुळे ती काळी, तांबूस, पिवळसर दिसते. पुड्यांत विकतात ती त्यात आणखी रंगवलेलीही असू शकते.

२३. महाराष्ट्रातून सरळ कसं पोचायचं?

पुण्याहून थेट कन्याकुमारी एक्स्प्रेस आहे. कन्याकुमारी हे रेल्वेचं शेवटचं स्थानक, तिथून किनारा जवळ. दुसरा रस्ता म्हणजे कोकण रेल्वेने किंवा विमानाने तिरुवनंतपुरम आणि तिथून बस वा लोकल गाडी. अंतर नव्वदेक किलोमीटर. वाटेत पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा आणि शुचींद्रमचं मंदिर लागतं. वेळ असेल तर दोन्ही सोडू नका.

२४. सहलवाल्यांनी कन्याकुमारीला सगळे मिळून तीनच तास दिले आहेत. काय सोडू?

खरेदी सोडा. शंख-शिंपल्यांची तीच दुकानं रामेश्वरलाही आहेत. सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एक पकडा, शक्यतो जादा दराची रांग. शिलास्मारकावर उतरल्याबरोबर लगेच मंडपात न शिरता आधी पुतळ्याच्या बाजूच्या कठड्याशी जा आणि चौथरा व आकृती वेगवेगळी पाहून घ्या. मग स्मारक, मग पूल, मग पावलं. रांग फार असेल तर १४० पायऱ्या सोडल्या तरी चालतील, पूल सोडू नका. परतीच्या होडीलाही रांग असते, तिच्यासाठी पाऊण तास राखून ठेवा. बसवाले थांबत नाहीत.